लेकीच्या घरचे पाणी

जोधपूर,
९ नोव्हेंबर १९८६

प्रिय भैय्याजी,

तुम्ही रेल्वेने पाठवलेली संत्र्यांची पेटी मिळाली. वरचा थर थोडा दबला होता, खालचा शाबूत निघाला. सुधाने गल्लीत घरोघर वाटली आणि प्रत्येकाला बजावून सांगितले की ही आमच्या सुनेच्या माहेरची. दोन दिवस आमच्या गल्लीत मोहगावचा वास होता.

आता कामाचे लिहितो. संक्रांत झाली की दहा-बारा दिवसांसाठी तुम्ही इकडे यायचे, आणि गोल्फ खेळायला यायचे. हसू नका. मी निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी चालायला सांगितले. नुसते चालायचा कंटाळा येतो म्हणून छावणीमागच्या मैदानावर जाऊ लागलो. तिथे गोल्फ चालते. चित्रात दिसते तसे हिरवेगार काही नाही. सगळी रेती, मधे मधे खेजडीची झाडे. प्रत्येक खेळाडू हातभर हिरवी चटई बरोबर घेऊन फिरतो. चेंडू तिच्यावर ठेवायचा, काठीने मारायचा, चटई उचलायची आणि चालू लागायचे. शेवटी जिथे भोक असते तिथली रेती जळके तेल टाकून दाबलेली असते. हिवाळ्यात इथे ऊन असे कोवळे असते की दिवसभर अंगावर घ्यावे.

पुढचे तुमच्या-माझ्यात ठेवा. श्रावणात अनूचे जे झाले ते तुम्हाला तारेने कळवले होतेच. पाचवा महिना होता. शरीराने ती सावरली आहे. घरातले सगळे करते, विचारले तर उत्तर देते. पण तेव्हापासून तिने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलेले नाही. आमचा सुरेश रोज म्हणतो, चल, जरा फिरून येऊ. ती म्हणते, उद्या. डॉक्टर म्हणाले, हिला औषध नको, मोकळ्या हवेत चालवा, नाहीतर पोरगी अशीच वाळत जाईल. परवा सुधाने जवळ बसवून विचारले, "अनू, तुला काय हवंय ते तरी सांग." ती म्हणाली, काही नको. मग उठता उठता म्हणाली, "बाबा असते तर त्यांनी बागेत फिरवलं असतं."

तुम्ही तिच्यासाठी आलात असे कळले तर ती ओशाळेल आणि बरी असल्याचे सोंग करील. म्हणून गोल्फ. तुम्ही माझे पाहुणे. दोन म्हातारे रेतीत चेंडू हरवणार, ते शोधायला एक चांगल्या डोळ्यांचे माणूस हवे, म्हणून तिला बरोबर न्यायचे. माझी सगळी योजना एवढीच आहे. पायाचे माप कळवा, कॅनव्हासचे बूट इथे घेऊन ठेवतो.

तुमचा,
दत्तात्रय


मोहगाव,
२० नोव्हेंबर १९८६

आदरणीय दत्तात्रयजी,

आपले पत्र मारुतीच्या देवळाच्या पायरीवर बसून वाचले. घरी वाचले असते तर कलाबाईने माझ्या तोंडाकडे पाहून सगळे ओळखले असते. आमची ही मोठी बहीण डोळ्यांनी अधू झाली आहे, पण माणूस अजून बरोबर वाचते.

अनूचे वाचून रात्रभर मन जागेवर नव्हते. तिची आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती. तेव्हाही ती अशीच गप्प झाली होती. मी काही बोलत नसे. संध्याकाळी बोट धरून संत्र्याच्या ओळींमधून नेत असे, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला आणि परत. एक दिवस तिने आपणहून विचारले, "बाबा, या झाडाले नाव काऊन नाही?" तेव्हापासून ती बोलायला लागली. ते तिच्या ध्यानात असेल असे वाटले नव्हते.

पण माझे येणे यंदा जमेल असे दिसत नाही. पुढच्या महिन्यात बागेला ताण द्यायचा आहे. आंबिया बहार धरायचा म्हणजे तेव्हा घर सोडता येत नाही. कलाबाईचे गुडघे धरले आहेत. शिवाय माझे शिक्षण गावच्या शाळेतले, त्या खेळात मला काय समजणार? आपल्या मित्रमंडळीत आपल्यालाच खाली पाहावे लागेल.

अनूला सांभाळा असे आपल्याला लिहिणे म्हणजे आगाऊपणा होईल. आपण सांभाळत आहातच. मी रोज सकाळी तिच्या नावाने मारुतीला तेल वाहतो.

आपला नम्र,
भैय्याजी


जोधपूर,
१ डिसेंबर १९८६

प्रिय भैय्याजी,

मी चाळीस वर्षे मिलिटरीच्या बांधकाम खात्यात काढली, पण जन्माने तुमच्या शेजारच्या पांढुर्ण्याचाच आहे हे तुम्ही विसरलात. ताण म्हणजे काय? बागेचे पाणी तोडायचे आणि झाडांना सुकू द्यायचे. ज्या दिवसांत बागेला पाणीच द्यायचे नाही, त्या दिवसांत तुम्ही तिथे काय करणार? झाडांना उपाशी राहताना बघत बसणार? निदान बहाणा तरी असा शोधायचा की जो पांढुर्ण्याच्या माणसाला पचेल.

गंमत सोडून लिहितो. दोन वर्षांपूर्वी घराची वास्तुशांत केली तेव्हा तुम्ही आलात. दोन दिवस राहिलात. पहिल्या दिवशी तुमचा शनिवार निघाला, दुसऱ्या दिवशी एकादशी. आमच्या घरचा घोटभर चहासुद्धा तुम्ही घेतला नाही. पाण्याची सुरईदेखील बरोबर आणली होती. सुधा म्हणाली, किती नेमाचे गृहस्थ. मीही तेच म्हणालो. आज तुमचे पत्र वाचून मला वेगळे वाटू लागले आहे. लग्नात आमच्याकडून काही उणेअधिक बोलले गेले का? की श्रावणात आम्ही अनूची काळजी घेतली नाही असे तुम्हाला वाटते? तसे असेल तर समोर बसून मला चार शब्द सुनावा, मी ऐकून घेईन. पण माझ्यावरचा राग पोरीवर काढू नका.

परवा तिला सहज म्हणालो, "तुझे बाबा गोल्फ खेळायला येतायत." तिने मान वर केली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा पूर्ण वर केली. म्हणाली, "बाबा? आणि गोल्फ?" मग तिचा चेहरा पुन्हा मिटला. म्हणाली, "ते नाही येणार, मामाजी." मी सासरा, तरी विचारले, का? ती भांडी घेऊन आत गेली.

तिला जे ठाऊक आहे ते मला ठाऊक नाही, असे दिसते.

दत्तात्रय


जोधपूर,
३ डिसेंबर १९८६

तीर्थरूप बाबांना,

अनूचा नमस्कार. आत्याच्या पायांना सुंठीचा लेप लावता की नाही?

मामाजींनी तुम्हाला बोलावले आहे असे समजले. तुम्ही नाही म्हणालात हेही समजले. दोन दिवस ते जेवताना बोलत नाहीत. त्यांना वाटते, तुम्ही त्यांच्यावर रागावला आहात. इथल्या आई तर मागचे सगळे आठवून राहिल्या आहेत, मानपानात कुठे काही राहिले होते का म्हणून. बाबा, ही माणसे फार चांगली आहेत. त्यांना असे चुकीचे वाटू देऊ नका. काहीतरी लिहा.

खरे कारण मला ठाऊक आहे. तुम्ही वास्तुशांतीला आला होता तेव्हा त्या शनिवारी मी पाहिले. तुम्ही मागच्या अंगणात बसून आत्याने दिलेली दशमी खात होता. शनिवारचा उपास तुम्ही रात्री सोडता, दुपारी नाही. मी दारामागेच उभी राहिले. लेकीला लेकरू होईपर्यंत बापाने तिच्या घरचे अन्नपाणी घ्यायचे नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. आत्या सगळ्यांना सांगायची. पण ते मी या लोकांना कसे सांगू? सांगायचे म्हणजे माझ्याच तोंडाने म्हणायचे की मला नाही ना झाले, म्हणून बाबा येत नाहीत.

तुम्ही माझ्यासाठी नेम मोडू नका. तुम्ही दोन घास चोरून खात बसाल आणि मी दारामागे उभी राहीन, त्यापेक्षा न आलेले बरे. मी बरी आहे. फक्त मामाजींना दोन ओळी लिहा.

तुमची,
अनू


मोहगाव,
१४ डिसेंबर १९८६

आदरणीय दत्तात्रयजी,

आपण मला चार शब्द सुनावायला बोलावले. सुनावायचे ते आपण मला सुनावावे.

माझ्या मनात आपल्याविषयी राग नाही. कधी नव्हता. आमच्या घरात बाप लेकीच्या घरचे अन्न घेत नाही, पाणीही घेत नाही, तिला मूल होईपर्यंत. माझ्या आजोबांनी हे पाळले, वडिलांनी पाळले. लेक दिली की तिच्याकडून काही घ्यायचे नाही, एवढाच त्यातला भाव. मूल झाले म्हणजे ते नातवाचे घर होते, मग हरकत नाही. वास्तुशांतीच्या वेळी मी शनिवार आणि एकादशी पुढे केली. आता ताण पुढे केला. ताणाची लबाडी आपण ओळखलीत, ते बरे झाले.

कारण का लिहिले नाही? लिहायचे म्हणजे पोरीच्या रिकाम्या ओटीकडे बोट दाखवायचे. श्रावणाआधी ते जड होते, श्रावणानंतर तर हातच चालेना. मी समजत होतो की गप्प राहून मी तिची लाज राखून राहिलो. तिचे पत्र आले. तिला सगळे माहीत होते. वास्तुशांतीच्या दिवशी मी आपल्या मागच्या अंगणात दशमी खात होतो तेव्हा ती दारामागे उभी होती.

काल शनिवार होता, जामसांवलीच्या मारुतीला गेलो. तिथे गावोगावचे दुखणाईत येऊन राहतात, ते आपल्याला ठाऊक आहे. एक माणूस आपल्या मोठ्या मुलीला हाताशी धरून प्रदक्षिणा घालत होता. मुलगी मधेच बसे, तो तिच्याजवळ बसे, ती उठली की उठे. मी बराच वेळ खांबाला टेकून पाहत राहिलो. मारुतीजवळ काय मागावे ते सुचले नाही. एवढेच वाटले की खोटे बोलून नेम पाळला तर तो नेम कसला? पाळायचा तर खरे सांगून पाळावा. म्हणून हे लिहिले.

व्याह्यांनी बोलावले आहे असे कलाबाईला सांगितले. ती म्हणाली, "जाचं तं जाय. पण इवायाच्या घरचं पाणी पेशीन तं मले तोंड दाखवू नको." ती तरुणपणी विधवा होऊन परत आली, तिनेच अनूला वाढवले. तिच्या शब्दाबाहेर मी कधी गेलो नाही.

आपल्या घरी येऊन उपाशी राहणे हा आपला अपमान, जेवणे हा माझ्या बापजाद्यांचा. मला वाट दिसत नाही. रागावू नका एवढेच मागतो.

भैय्याजी


जोधपूर,
२३ डिसेंबर १९८६

अहो भैय्याजी,

हे एवढेच होते, आणि आम्ही दोघे नवरा-बायको रात्र रात्र लग्नातल्या पंगती मोजत बसलो होतो!

सुधाला पत्र वाचून दाखवले. ती म्हणाली, "मला थोडं थोडं वाटलं होतं. पण मी कसं विचारायचं? सासूनं असं विचारलं की टोमणाच होतो." मला मात्र खरोखर ठाऊक नव्हते. मला मुलगी नाही, आणि छावण्यांमधून राहिलेल्या माणसाला कोण कुणाच्या घरी जेवतो ते कळत नाही. तिथे सगळेच मेसमध्ये जेवतात.

याच शब्दावरून मला वाट सुचली. नीट वाचा.

मैदानाच्या कडेला क्लबच्या दोन खोल्या आहेत. बाहेरगावचे खेळाडू उतरतात. त्यातली एक तुमच्या नावाने सांगून ठेवली. माझ्या घरापासून ती लांब आहे, मधे रेल्वेचा रूळ लागतो. पाणी सरकारी टाकीचे. पीठ, डाळ, तेल, मीठ तुमचे तुम्ही आणायचे. स्टोव्ह क्लबचा. सकाळी खेळायचे, दुपारी खेजडीखाली बसायचे, संध्याकाळी पुन्हा खेळायचे. तुम्ही माझ्या घराची पायरी चढायची नाही. अनू रोज माझ्याबरोबर मैदानावर येईल. मैदान ना माझ्या बापाचे, ना माझ्या मुलाचे. तिथे तुम्ही लेकीच्या घरी नसालच. कलाबाईंना सांगा, गोल्फ या खेळाचा शोध इवायांसाठीच लागला आहे.

एकच शंका राहिली. स्टोव्ह पेटवायला काडेपेटी आमच्या घरची चालेल का, तेवढे कळवा.

अनूला सांगितले की तुझे बाबा येत आहेत, पण आमच्याकडे नाही, क्लबात उतरणार आहेत, मोठे खेळाडू लागून गेले! तिला सगळे समजले असावे. म्हणाली, "मामाजी, तुम्ही त्यांच्यासाठी एवढं करून राहिले?" मी म्हणालो, माझ्यासाठी करतोय, मला रोज हरवता येईल असा गडी पाहिजे.

दत्तात्रय


मोहगाव,
५ जानेवारी १९८७

आदरणीय दत्तात्रयजी,

काडेपेटी चालेल. कलाबाईला विचारले. तिने विचार करून सांगितले की विस्तवाला घर नसते.

आपले पत्र मी तीनदा वाचले. दर वेळी हसलो आणि दर वेळी पुढच्या ओळी धूसर झाल्या. एवढा विचार माझ्यासाठी आजवर कुणी केला नाही.

पांढुर्ण्याहून गाडी आहे, दिल्लीला बदलून जोधपूरची छोट्या रुळाची. सोळाला सकाळी पोहोचेन. पिठाचा डबा, तूरडाळ, तिखट, तेल सगळे बांधले आहे. माझा शेजारी गुलाब बागेकडे पाहील.

एक गोष्ट सांगायची राहिली. आपण हसाल म्हणून लाज वाटते. ताणामुळे बागेतली जमीन आता कडक झाली आहे. वर्णन वाचून मी दोन ओळींमध्ये एक खड्डा खणला आणि बोरीच्या वाकड्या काठीने कागदी लिंबू मारून पाहिले. लिंबू खड्ड्यात जाईना, फुटून गेले. कलाबाई दारातून म्हणाली, "भैय्या, लिंबं काऊन फोडून राहिला? कोणाची दिष्ट लागली का तुले?" गुलाब म्हणाला, "इवायाकडं खेळाले चालले, कलाबाई. तिथं हारून येऊ नये म्हणून इथं हारून पाहून राहिले."

धोतर नेसून तो खेळ खेळता येतो का, कळवा. कळवले नाही तरी मी धोतरच नेसणार.

भैय्याजी


जोधपूर,
२३ जानेवारी १९८७

तीर्थरूप कलाबाईस,

गुलाब, हे पत्र बाईला सावकाश वाचून दाखव. मधे तुझे काही घालू नको.

मी सुखरूप पोहोचलो. दत्तात्रयजी स्टेशनवर हजर होते. मला सरळ क्लबाच्या खोलीत नेले आणि स्वतः उंबऱ्याबाहेर उभे राहिले. म्हणाले, "ही तुमची खोली, मी इथला पाहुणा. आत बोलवाल तर येईन." मी बोलावले. स्टोव्हवर चहा केला. त्यांनी मागून दोन कप घेतला.

पहिल्या सकाळी अनू आली नाही. दुसऱ्या सकाळी आली, पण फाटकाशी उभी राहिली. बाई, ती फार वाळली आहे. पदर गळ्याशी घट्ट धरून उभी होती, ऊन असूनही. पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग मी काठी उचलली आणि चेंडूवर मारली. काठी रेतीत रुतली, चेंडू होता तिथेच राहिला, आणि माझे धोतर काठीला अडकून मी बसलो. दत्तात्रयजी गंभीरपणे म्हणाले, "पहिल्या फटक्यात खेळाडू इतका लांब जात नाही सहसा." अनूने पदराआड तोंड नेले. हसली की नाही ते दिसले नाही, खांदे हलले.

तिसऱ्या दिवशी ती आत आली. या खेळात एक रीत आहे. भोकाजवळच्या तेलकट रेतीत आपल्या पावलांचे ठसे उमटतात. खेळून झाले की लाकडी फळी ओढून ते ठसे आपणच पुसायचे, म्हणजे मागून येणाऱ्याला साफ जागा मिळते. ती फळी तिने आपल्याकडे घेतली. आम्ही पुढे जात होतो, ती मागून ओढत होती. एकदा माझा चेंडू बसलेल्या उंटाच्या पोटाशी जाऊन थांबला. दत्तात्रयजी म्हणाले, उंट उठेपर्यंत थांबायचे, असा नियम आहे. अनू म्हणाली, "कोणत्या पुस्तकात, मामाजी?" ते म्हणाले, "माझ्या." तेव्हा ती हसली. आवाज करून हसली. दत्तात्रयजींनी माझ्याकडे पाहिले आणि लगेच दुसरीकडे पाहिले.

आता पुढचे लिहितो. त्यासाठीच हे पत्र आहे.

काल दुपारी आम्ही खेजडीच्या सावलीत बसलो होतो. अनूबरोबर रोज दोन छागली असतात, म्हणजे पाण्याच्या कापडी पिशव्या. एक घरून भरून आणलेली, दुसरी क्लबाच्या टाकीवर भरलेली. दुसरीच्या गळ्याला तिने स्वतः निळी चिंधी बांधली होती, माझ्यासाठी, चुकूनही चूक होऊ नये म्हणून. तिने घरच्या छागलीतून सासऱ्यांना पाणी दिले. इतक्यात एक उंटवाला आला. अनोळखी, धुळीने भरलेला. त्याने पाणी मागितले. अनूने त्यालाही घरच्याच छागलीतून वाढले. तो ओंजळीने पोटभर प्याला, तोंडावर हात फिरवला आणि म्हणाला, "जीती रह बेटी." मग ती माझ्याकडे वळली, आणि वळता वळता तिने हातातली छागल खाली ठेवली, चिंधीवाली उचलली. खाली पाहून. तिला त्याची सवय झाली होती.

बाई, तेव्हा मला दिसले. त्या सगळ्या रेतीत तिच्या घरचे पाणी ज्याला चालत नव्हते असा एकच माणूस बसला होता, आणि तो तिचा बाप होता. मी आजवर समजत आलो की नेम माझा आहे, तहान माझी, उपास माझा, सोसतो तो मी. ती चिंधी पाहून समजले की सोसत ती होती. दर घोटाला तिला सांगितले जात होते की तुझ्यात काही उणे आहे, आणि सांगत होतो मी. ज्या माणसाने तिला झाडांतून हिंडवून बोलते केले होते, तोच.

मी ओंजळ पुढे केली. म्हणालो, "त्यातलं नको. घरचं दे."

ती म्हणाली, "बाबा, हे घरचं हाये."

"ठाऊक हाये. तेच दे."

ती जागची हलली नाही. दत्तात्रयजी उठले आणि झुडुपांत चेंडू शोधू लागले. चेंडू त्यांच्या खिशातच होता. अनू म्हणाली, "आत्याला काय सांगाल?" मी म्हणालो, "खरं सांगीन."

तिने ओतले. अर्धे पाणी माझ्या मनगटांवरून गेले. मी प्यालो. पुन्हा ओंजळ केली, पुन्हा प्यालो. मग ती रेतीत खाली बसली आणि रडली. श्रावणापासून ती रडली नव्हती, असे सुधाबाईंनी नंतर सांगितले. मी तिच्याजवळ बसून राहिलो. ती उठली तेव्हा उठलो.

रात्री त्यांच्या घरी गेलो आणि जेवलो. तिने वाढले.

माझ्याकडून पाप झाले असे मला वाटत नाही, पण तुला दुखवले असे वाटते. तू म्हणाली होतीस, तोंड दाखवू नको. तू हो म्हणशील तेव्हाच मोहगावला येईन. तोवर इथे राहीन.

तुझा,
भैय्या


मोहगाव,
३१ जानेवारी १९८७

भैय्याजींना गुलाबचा नमस्कार,

पत्र वाचून दाखवलं. मधात काही घातलं नाही. उंटाच्या जागी मी हसलो, तेवढं माफ करा. कलाबाईने ऐकलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, जसं काही ते पाणी मीच पेलो. आज सकाळी बोलावणं आलं, म्हणे कागद घेऊन ये. ती सांगते तसंच लिहून राहिलो.

"भैय्या, तू लहान होता म्हणून तुले आठवत नाही. आपले बाबा माझ्या सासरी लोधीखेड्याले येत. पायी येत. ओसरीवर बसत. मी आत भाकर टाकत होती तं वासानं त्याईले कळे. ते तिथूनच म्हणत, 'पोरी, मी आताच जेवून आलो.' मोहगावाहून चालत आलेला माणूस, कुठं जेवून येईन? मी पाण्याचा तांब्या भरून उंबऱ्यावर ठेवत होती. ठेवाचा म्हणून ठेवाचा. ते त्याच्याकडे पाहत नसत. ते गेले की मी तो तांब्या हातात घेऊन उभी राहे. फेकवत नसे आणि पेववत नसे.

मले लेकरू झालं नाही. मालक गेले, मी परत आली. मग बाबा गेले. शेवटच्या दिवशी त्याईच्या तोंडात पाणी तूच टाकलं. मी बाजूले उभी होती. मले वाटलं, इथं तं मी टाकू शकतो, हे माझं सासर नाही. पण कोणी म्हटलं नाही, आणि मी मागितलं नाही.

जो नेम मी जलमभर सोसला तो खोटा होता असं मी कसं म्हणू? म्हणून मी तुले अडवत होती. मले वाटे, हा नेम बी गेला तं माझ्यापाशी काय राहिलं?"

(इथं कलाबाई थांबली. मी बाहेर जाऊन बैलाले पाणी दाखवून आलो. मग तिनं पुढं सांगितलं.)

"मी रागावली नाही. अनूले सांग, आत्या रागावली नाही. तू घरी ये, पण घाई करून येऊ नको. तिले चालव. ती जेवली की नाही ते पाह्यत जा.

पत्रात तू एवढं लिहिलं, उंटाचं लिहिलं, फळीचं लिहिलं. रात्री लेकीच्या घरी जेवला म्हणतो, आन् तिनं तुले काय रांधून वाढलं, ते लिहिलंच नाही. भाकर होती का पोळी? भाजी कायची? लिहून पाठव. गुलाब वाचून दाखवीन."